लेखणीचा माग

कादंबरीकाराला ‘तुम्ही का लिहिता?’ असं तोंडावर विचारू नये. विचारलं की तो काहीतरी सांगणारच. पाहुणा आला की घरातली त्यातल्या त्यात बरी चटई आपण अंथरतो, तसं तो त्यातल्या त्यात बरं कारण पुढं करतो. आतली कळ, समाजाचं ऋण, अनुभवाचं ओझं हे शब्द संमेलनांच्या मांडवात वर्षानुवर्षं ऐकू येतात. ते खोटे असतात असं माझं म्हणणं नाही. पण बाजारातल्या तयार सदऱ्यासारखे ते कुणालाही बसतात, आणि जे कुणालाही बसतं त्यावरनं माणूस ओळखता येत नाही.

आमच्या भागात पूर्वी चोरी झाली की रामोशी माग काढायचा. चोर सापडला नसताना त्याला विचारणार तरी काय? तो मातीतलं पाऊल बघायचा. टाच खोल रुतलीय की चवडा, डोक्यावर ओझं होतं की हात मोकळे होते, गडी पळत गेला की दमून बसत बसत गेला. माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचा. लेखकाचंही असंच करावं, असं मला पुस्तकं वाचता वाचता पटत गेलं. त्याची पावलं म्हणजे त्याच्या लिहिण्याच्या सवयी. तो काय बघतो, काय सोडतो, कुणाला बोलू देतो, कुठं थांबतो. त्यावरनं कळतं, गडी कशासाठी निघाला होता.

तीन कादंबऱ्या घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची, उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. पाच वर्षांच्या आत तिन्ही आल्या. एक माणदेशातली, एक वारणेच्या खोऱ्यातली, एक वऱ्हाडातली. तिन्हींत गाव आहे, तिन्हींत भूक आहे. वरनं बघितलं तर एकाच घाण्याचं तेल वाटावं. पण माग काढत गेलं की तीन वाटा तीन दिशांना जातात.

माडगूळकरांपासून सुरुवात करतो, कारण त्यांची पावलं सगळ्यांत हलकी. माणूस माडगूळचा, जन्म १९२७ चा. गाव तेव्हा औंध संस्थानात. ऐन शिकायच्या वयात बेचाळीसच्या चळवळीत गेले, शाळा अर्धी राहिली. काही काळ मास्तरकी केली. चित्रं काढायचे. पुढं पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम सांभाळत राहिले. रानात फिरायचा नाद शेवटपर्यंत होता. आधी बंदूक घेऊन, नंतर नुसते डोळे घेऊन. ‘नागझिरा’ हे पुस्तक त्या जंगलातल्या मुक्कामातनं आलं, आणि ‘सत्तांतर’ ही कादंबरी तर वानरांच्या टोळीवर. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ही सगळी माहिती एका ओळीत ठेवली की सवय दिसते. चित्रकाराचा हात, शिकाऱ्याची नजर, रेडिओवरच्या माणसाचा कान. शिकाऱ्याला हलून चालत नाही. खोकला आला तरी दाबायचा, वाऱ्याची दिशा बघून बसायचं आणि जनावर आपल्या चालीनं पुढं येईस्तोवर वाट बघायची. ‘बनगरवाडी’तला राजाराम मास्तर असाच बसलेला आहे. वाडीत शाळा आहे, पण पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागं. मास्तर कुणाला उपदेश करत नाही. तो बघतो. कारभारी कसा बसतो, आनंदा रामोशी काय पळवतो आणि ते सांगताना त्याच्या तोंडावर काय असतं, कोण कुणाशी बोलत नाही. आणि बघता बघता वाडीची कामं त्याच्या अंगावर येतात. कागद लिहून दे, भांडण मिटव, तालीम बांधायला पुढं हो.

असा माणूस का लिहितो? माझ्या वाचण्यात उत्तर असं येतं की, जे नाहीसं होणार आहे ते नाहीसं व्हायच्या आत टिपून ठेवायला. म्हणून त्यांचं वाक्य आखूड असतं. चित्रकार वहीत चार रेघा मारतो आणि बैल उभा करतो, पाचवी रेघ मारली की बैल बिघडतो. त्यांना ते ठाऊक होतं. ‘बनगरवाडी’ दीडशे पानांच्या आतबाहेरचं पुस्तक आहे. ज्या ऐवजावर दुसऱ्या कुणी पाचशे पानं केली असती, तो त्यांनी एवढ्यात बसवला. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी पाण्याच्या आणि चाऱ्याच्या शोधात निघून जाते, आणि मास्तरही तिथनं उठतो. लेखक हंबरडा फोडत नाही.

आता या हलक्या पावलाचा तोटाही सांगायला पाहिजे, नाहीतर ही नुसती आरती होईल. आमच्या गावात एक म्हातारा धनगर होता. लिहिता-वाचता येत नव्हतं. उन्हाळ्यात संध्याकाळी मी त्याला ‘बनगरवाडी’ वाचून दाखवली, चार-पाच दिवस लागले. जागोजागी तो हसला, दोनदा म्हणाला, “ह्यो माणूस बसलाय आमच्यात.” कादंबरीकाराला यापेक्षा मोठी पावती नाही. पण पुस्तक संपल्यावर तो गप्प राहिला आणि मग विचारलं, “मास्तर गेला त्याच्या गावाला. मेंढरांचं काय झालं? किती परत आली?”

पुस्तकात याचं उत्तर नाही. मास्तर वाडीबरोबर गेला नाही, म्हणून पुस्तकही गेलं नाही. बघणारा लेखक जिथवर नजर पोचते तिथवरच सांगतो, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण नजरेच्या पलीकडं जी माणसं चालत राहिली, त्यांच्या दृष्टीनं गोष्ट तिथनं पुढं सुरू होते. म्हाताऱ्याचा प्रश्न साहित्याचा नव्हता, हिशेबाचा होता. मला मात्र तो मराठी समीक्षेतल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा नेमका वाटला.

तो हिशेब मागायला दुसरा माणूस उभा राहिला. अण्णा भाऊ साठे. वाटेगावचे, मातंग समाजातले, जन्म १९२० चा. शाळा नावालाच. पोरवयात घरच्यांबरोबर चालत मुंबई गाठली. हमाली, गिरणी, मिळेल ते काम. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. कामगारांच्या मैदानात लोकनाट्य आणि पोवाडे उभे केले. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून कादंबऱ्या लिहिल्या. तीसच्या वर कादंबऱ्या आहेत. १९६९ मध्ये गेले तेव्हा वय पन्नासही नव्हतं, आणि गरिबी काही सुटलेली नव्हती.

यांचं पाऊल बघा. टाच खोल रुतलेली आहे, कारण अंगावर ओझं आहे, आणि तरी चाल पळतीची आहे. ‘फकिरा’ची सुरुवातच जोगणीच्या झुंजीनं होते. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी आपल्या गावाला आणतो आणि त्यात जीव देतो. पहिल्या काही पानांतच मरण, मान आणि गावाचं ऋण तिन्ही मांडून झालेलं असतं. मग दुष्काळ, इंग्रजांचा कायदा, जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोजची हजेरी, आणि उपाशी माणसांसाठी धान्य लुटायला निघालेला फकिरा. हे पुस्तक त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलं. १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कारही त्याला मिळाला.

अण्णा भाऊंवर नेहमीचा आक्षेप असा की, त्यांचे नायक फार शूर, फार चांगले, छातीचा कोट करून उभे राहणारे. खऱ्या माणसात असतो तो भित्रेपणा, लबाडी, आळस त्यांच्यात दिसत नाही. प्रसंग नाटकी होतात. आक्षेप खरा आहे. मीही ‘फकिरा’ वाचताना दोन-चार ठिकाणी म्हटलं, आता जरा दम घ्या. पण हा दोष कुठनं आला, याचा माग कुणी फारसा काढत नाही. तो आला मैदानातनं. दिवसभर राबून आलेले हजारो गिरणी कामगार समोर बसलेत, ध्वनिक्षेपक धड चालत नाही, मागच्या माणसाला दिसलं पाहिजे आणि कळलं पाहिजे. तिथं हळू बोलून चालत नाही. हालचाल मोठी करावी लागते. ज्या माणसानं लिहिणं हे आधी बोलणं आणि गाणं म्हणून शिकलं, तो कागदावरही मागच्या रांगेला दिसेल असंच लिहिणार.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. सरकारी दप्तरात ज्यांची नोंद चोर म्हणून होती, त्यांच्या घरातल्या पोरानं लिहायला घेतलं. तो आपल्या माणसांचे गुणदोष तराजूत समान घालून लिहील ही अपेक्षा कुणाची? ज्यांना तराजूत कधी उभंच केलं नव्हतं त्यांची. दोषांचं पारडं दप्तरानं आधीच भरून ठेवलेलं होतं. अण्णा भाऊंनी दुसऱ्या पारड्यात वजन टाकलं. म्हणून ते का लिहीत होते याचं उत्तर मला असं दिसतं की, ते उलटतपासणी घेत होते. कायद्यानं एक जबानी लिहिली होती, त्यांनी दुसरी लिहिली. जबानी देणारा माणूस आवाज चढवतो. त्याबद्दल त्याला कलेच्या नावानं दटावण्याआधी पहिली जबानी कुणी लिहिली होती ते बघावं.

माडगूळकरांची शांतता आणि अण्णा भाऊंचा आवाज यांत उच्च-नीच लावायची सवय आपल्याकडं आहे. शांत ते कलात्मक, मोठ्यानं ते प्रचारी. पण शांत बसून बघायला जागा लागते. माडगूळकरांच्या मास्तराला वाडीत बसायला जागा होती, लोक मान देत होते. फकिराला रात्रीची हजेरी होती. दोघांच्या आवाजातला फरक आधी इथं आहे, कलेचा फरक त्याच्या नंतर येतो. हे म्हटल्यानं माडगूळकर लहान होत नाहीत. १९४८ मध्ये गावोगाव ब्राह्मणांची घरं जळाली, त्यावर त्यांनी ‘वावटळ’ लिहिली. स्वतःच्या माणसांची घरं जळताना बघूनही त्यांनी आवाज फार चढवला नाही. हा त्यांचा स्वभाव होता, आणि तो त्यांनी मोल देऊन सांभाळला.

तिसरी वाट उद्धव शेळक्यांची, आणि ती चालताना पाय जड होतात.

‘धग’ शिंप्याच्या घरातली गोष्ट आहे. कौतिक ही बाई संसार ओढते. नवरा महादेव कामाला मन न लावणारा. पोरं लहान. ती रोजानं जाते, उसनंपासनं करते, मुलानं शिकावं म्हणून धडपडते, आणि एक भोक बुजवलं की दुसरं पडतं. बोलणी अस्सल वऱ्हाडी. आम्ही पश्चिमेकडची माणसं, पहिली वीस पानं अडखळतो. नंतर कान लागतो. माझ्या चुलतीला मी यातला काही भाग वाचून दाखवत होतो. वऱ्हाड तिनं जन्मात बघितलेलं नव्हतं. एके दिवशी तिनं हात वर केला आणि म्हणाली, “बास कर बाबा. पुढचं मला ठावं हाय.” पुस्तक आवडलं नाही म्हणून तिनं थांबवलं नव्हतं. मी पुढचं माझ्यापुरतं वाचलं. तिला ठावं होतं तसंच होतं.

‘धग’मध्ये शेळके दिलासा देत नाहीत. फकिरासारखा कुणी उठत नाही, बनगरवाडीसारखी हसायला जागा फारशी नाही. कौतिक थोर आहे असंही लेखक म्हणत नाही. ती कधी चिडते, कधी चुकते, कधी अडून बसते, आणि तरी सकाळी उठून चूल पेटवते. ही सवय कुणाची? घरात राहिलेल्या माणसाची. माडगूळकर बाजूला बसून बघतात, अण्णा भाऊ पुढं उभं राहून सांगतात, शेळके चुलीपाशी बसलेत आणि धूर त्यांच्याही डोळ्यांत जातोय.

एवढं पुस्तक लिहिलेल्या माणसानं पुढं काय केलं? लिखाणावर पोट भरायचं ठरवलं. आणि लिखाणावर पोट भरायचं तर वर्षाला एक चांगली कादंबरी लिहून भागत नव्हतं. त्या काळी गावोगाव, शहरोशहरी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या होत्या. त्यांना दर आठवड्याला नवा माल लागायचा. शेळक्यांनी तो पुरवला. शंभराच्या घरात पुस्तकं गेली, त्यांत शृंगाराची फोडणी दिलेलीही बरीच. टीकाकारांनी हळहळ केली. ‘धग’ लिहिणारा हात वाया गेला, असं म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं.

ही हळहळ मला निम्मीच पटते. त्या शंभरांत दुसरी ‘धग’ नाही, हे वाचणारा कुणीही सांगेल. पाट एकाच विहिरीचा, पण दिवसरात्र उपसा केला की झऱ्याला भरायला वेळ मिळत नाही. तेवढं खरं. पण ‘वाया गेला’ हा शब्द कोण वापरतो ते बघा. बहुतेक वेळा पगार चालू असलेला माणूस वापरतो. मराठीत कादंबरीकार बहुधा मास्तर, प्राध्यापक, कारकून किंवा सरकारी अधिकारी असतो. पोट तिकडं भरतं, म्हणून लेखणी पवित्र ठेवता येते. माडगूळकरांना रेडिओची नोकरी होती. आनंद यादव कागलच्या शेतातनं, बापाशी झगडून शिकत शिकत मराठीचे प्राध्यापक झाले, तेव्हा कुठं त्यांना सालगड्याच्या तोंडची ‘गोतावळा’, आणि पुढं ‘झोंबी’, मनाजोगती सावकाश लिहिता आली. शेळक्यांकडं तो आडोसा नव्हता, किंवा त्यांनी तो मानला नाही.

आणि कौतिक कोण होती? जे मिळेल ते काम करून घरातली चूल विझू न देणारी बाई. तिनं केलेल्या रोजगाराला कुणी ‘वाया’ म्हणत नाही. तिला शोभेल असंच काम तिनं करावं, असा आग्रह कुणी धरला नाही. तिच्याच लेखकानं दिवसाला इतकी पानं या हिशेबानं रोज भरला, तर त्याला मात्र आपण कमअस्सल ठरवतो. त्या शंभर पुस्तकांना थोर म्हणा असं मी म्हणत नाही. ती मजुरी होती, तिला मजुरी म्हणावं. मजुरी हा शिवीचा शब्द नाही, निदान आमच्या गावात तरी नाही.

म्हणजे तीन माणसं, तीन कारणं. एक जपून ठेवायला लिहितो, एक जबानी द्यायला लिहितो, एक आधी आतलं जळणं बाहेर काढायला आणि नंतर चूल पेटवायला लिहितो. यातलं कुठलं कारण श्रेष्ठ, हा प्रश्न मला फोल वाटतो. कारण चांगलं असलं म्हणून पुस्तक चांगलं होत नाही. समाजाबद्दल तळमळ असलेल्या कितीतरी कादंबऱ्या पंधराव्या पानाला झोप आणतात. पुस्तकाचं बरंवाईट ठरतं ते त्या कारणाला साजेशी सवय अंगात मुरलीय की नाही, यावर. जपायचं तर माडगूळकरांसारखं तासन् तास गप्प बसता आलं पाहिजे. जबानी द्यायची तर अण्णा भाऊंसारखं मैदानात उभं राहून मागच्या रांगेपर्यंत आवाज नेता आला पाहिजे. जळणं लिहायचं तर शेळक्यांसारखं धुरात बसून डोळे उघडे ठेवता आले पाहिजेत.

हे आता का सांगतोय? कारण आमच्या गावातली शिकलेली पोरं लिहायला लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. कुणी मोबाइलवर लिहितं, कुणी वहीत. माझ्याकडं चार हस्तलिखितं येऊन पडलीत. चारही कादंबऱ्या गावावर, चारहींत दुष्काळ, कर्ज, फास घेतलेला शेतकरी आणि शहरातनं आलेला खलनायक. एका पोराला मी विचारलं, “तुझ्या कादंबरीतला बाप सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करतो?” तो म्हणाला, “तसं काही लिहिलं नाही.” आणि त्याचा बाप माझ्या बांधाला बांध लावून शेती करतो. रोज पहाटे उठून आधी मोटारीची लाइट आली का बघायला जातो, आली नसली तर तिथंच दगडावर बसून तंबाखू मळतो. मला दिसतं ते पोराच्या कादंबरीत नाही. त्याच्या कादंबरीतला बाप त्यानं दुसऱ्या कादंबऱ्यांतनं उचललाय.

त्याला मी हे तीन लेखक वाचायला दिलेत. त्यांच्यासारखं लिही म्हणून नव्हे. माडगूळकरांची शांतता उसनी घेतली की ती मुकेपणा होते, अण्णा भाऊंचा आवाज उसना घेतला की नुसती आरडाओरड. दिलेत ते एवढ्याचसाठी, की दुसऱ्याच्या पावलाचा माग काढता काढता आपलं पाऊल कसं पडतं तेही कळायला लागतं. चालताना आपली टाच रुतते की चवडा, हे तोवर कुणी बघितलेलं नसतं.

आणि जमलंच तर त्या म्हाताऱ्या धनगराचा प्रश्न कुणीतरी हातात घ्यावा. तो आता नाही, पण प्रश्न आहे. वाडी उठून गेली, तिच्याबरोबर मेंढरं गेली. आजही आमच्या भागातले कळप पाऊस सरला की कोकणाकडं, नाहीतर देशावर कुठं कुठं निघतात. त्यांच्या मागनं चालत जाऊन, मुक्कामाला त्यांच्यात बसून, किती परत आली ते मोजून सांगणारी कादंबरी मला वाचायचीय. ती कुणी कशासाठी लिहिली, हे मी त्याला विचारणार नाही. पानापानांतनं दिसेलच.